बदामची पंजी

बर्जिओच्या धक्क्यावर बर्फ, होड्या पालथ्या.
डल्सी उसवते आहे लिअँडरचा
चौकड्यांचा फ्लॅनेलचा शर्ट:
दर नातवंडाला पत्त्यांची एक पिशवी,
नाताळच्या आत.

पाठीच्या दोन निघाल्या. खिशाची एक,
तिच्यावर लाल लोकरीचा कॉड मासा,
जरा बटाट्यासारखा झालाय. असू दे.

डाव्या बाहीचा कफ उसवताना
अस्तरातून घसरली
बदामची पंजी.
हुकूम बदाम असला की इथे
राजाही तिच्याखाली.
एकोणीस वर्षं तिच्या जागी
बिस्किटाच्या पुठ्ठ्याचा तुकडा खेळतोय.

"लबाडा,"
दातांत सुई धरूनच म्हणाली ती.

मग धाकट्या फिनीच्या पिशवीला
आतून एक चोरकप्पा,
बारीक टाक्यांचा.
फिनीलासुद्धा सांगितलं नाही.