नव्या होजवरचं पांढरं

घोडपदेवला, शिंत्र्यांच्या गॅरेजात
मला पहिलं एकटीचं काम मिळालं ते हे :
रेडिएटरचे दोन होज, एक वरचा, एक खालचा,
आणि हीटरचा एक, कोपरात मुडपलेला.
नवेकोरे. ऑपेरा हाउसहून आणलेले,
पिशवीत बिल, बिलावर कुणाच्या तरी जेवणाचं पिवळं बोट.

नवे, पण पांढरट.
कॅरमची पावडर सांडावी
आणि ओल्या हाताने कुणी ती थापून बसवावी, तसे.

"पूस," शिंत्रे म्हणाले.
"उद्या उचगावकर एस्टीम न्यायला येतोय,
बॉनेटमध्ये मानेपर्यंत शिरणारा माणूस."
आणि गेले वेल्डिंगवाल्याकडे.

पूस. केवढासा शब्द.

फाटक्या बनियनने पुसलं. काळंभोर झालं,
माझाच चेहरा दिसेल असं वाटलं.
चहा येईस्तोवर वाळलं, पुन्हा पांढरं.
भांड्याच्या वडीने घासलं.
जुन्या टूथब्रशने, वाकणातल्या खाचांतून, उभं, आडवं.
नळाखाली धरलं की जायचं,
पंख्याखाली धरलं की यायचं.
कंपनीचा गोल स्टिकर अर्धा निघाला,
उरलेला नखाखाली जाऊन बसला.

रॉकेलचा डबा उचलला तर इद्रीस ओरडला,
"दर्शना, रबर रॉकेल पितं! फुगेल.
फुगलेला पाइप क्लिपात मावत नाही,
मग वाशीच्या पुलावर गाडी उकळली
की शिव्या माझ्या नावाने."
थिनर? "तो तर त्याचा थोरला भाऊ."

शेवटी स्पिरिट. सुई टोचण्याआधी दंडाला लावतात तसलं,
कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून, चाळीस रुपये, माझ्या खिशातले.
कापसावर राखाडी मळ आला, चिकट,
सुताच्या गुंड्या होऊन गळायला लागला.
तीन होज, अर्धी बाटली, सव्वाचार तास.
रात्री ते खिळ्याला टांगले
आणि दिवा घालवण्याआधी एकदा वळून बघितलं.

घरी आईने हात हुंगला. "वॉर्डाचा वास येतोय तुला."
ती आया आहे, बाळंतिणींच्या वॉर्डात, बावीस वर्षं.
मी सांगितलं सगळं.
साच्याला चिकटू नये म्हणून कारखान्यात काहीतरी लावतात, तेच असणार, म्हटलं.
भाकरी उलटताना ती म्हणाली,
"बाळाच्या अंगावरही असतं की, लोण्यासारखं.
पूर्वी आम्ही खसाखसा पुसायचो,
नर्सबाई मागे उभी, पोर लाल होईपर्यंत.
आता डॉक्टरीण म्हणते, हात लावू नका, मुरेल ते."
मग तव्यावरच्या भाकरीला बोटाने दाबत,
"किती पोरं उगाच पुसली गं मी."

सकाळी शटर वर केलं.
होजवर पुन्हा साय.
कालच्याइतकी नाही, निळसर,
जांभळावर असते तेवढी.

शिंत्र्यांनी अंगठा फिरवला. "हे येणारच.
कालचं ते साच्याचं होतं, हे रबराचं स्वतःचं.
आतलं मेण बाहेर काढतं ते, वाऱ्याने तडकू नये म्हणून."
"मग काल का नाही सांगितलंत?"
"काल तुला गाडीखाली घ्यायचं नव्हतं,"
ते म्हणाले, आणि पाना शोधायला लागले,
जो त्यांच्याच हातात होता.

उचगावकर साडेअकराला आले.
मानेपर्यंत शिरले.
वरच्या होजवरून एक बोट ओढलं,
बोट उन्हात धरलं,
रुमालाला पुसलं. काळी रेघ राहिली, होजवर,
बाकी पांढऱ्यात.
काही बोलले नाहीत.
बॅटरीवर मात्र पाच मिनिटं बोलले.

गाडी गेली.
क्लिपचा स्क्रू शेवटी मी आवळला होता,
अजून एक वळसा द्यायला हात शिवशिवत होता,
दिला नाही.
जास्त आवळलं की कापतं.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.