चौथी ओळ

पियेदादला चौथी ओळ दिसली नव्हती.
पणजीला, माझ्या चष्म्याच्या दुकानात,
हनुवटी पट्टीवर, हात मांडीत मिटून
ती म्हणाली, माशी असेल, नाहीतर अक्षर.
मी नंबर लिहून दिला. चष्मा तिने नेला नाही.

रविवारी शिरदोनला ओहोटी सहाची.
मी आपला बघ्या, हात खिशात.
समोर लांबच लांब चिखल
आणि चिखलात पडलेलं उजाडतं आभाळ.
सुंदर आहे, असंही म्हणालो.
तिने खिशातून माझा हात ओढून काढला,
त्यात करवंटीचा तुकडा कोंबला:
"आदीं बोटां वांकय, मागीर पळय."

बोटं वाकवली.
लगेच काही झालं नाही. गुडघे दुखले.
मग अंगठ्याला कळलं किती खोल,
मनगटाला कळलं कुठून,
आणि अजून खुपसलंही नव्हतं तोच
चिखलाला भोकं पडली,
टाचणीएवढी, दोन-दोन,
आत्ता गुळगुळीत होतं तिथे
पावलागणिक तिसऱ्या श्वास घेत होत्या.

आभाळ गेलं. कधी, ते पाहिलं नाही.
खंड्या बसला होता म्हणे खुंटावर,
हात लावला असता इतक्या जवळ.
पाणी पोटऱ्यांना लागलं तरी मी वाकलेलाच.
तिने हाक मारली.

घरी शर्ट काढताना
बटणांची भोकं. मग स्विचबोर्डाची.
बोटं आपसूक वाकडी.

पंधरवड्याने गेलो तर ती बांधावर बसलेली,
कालवाने तळहात फाडलेला, सात टाके,
वर नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याचं फडकं.
मी म्हटलं, ते बघ, केवढ्या आहेत तिथे!
तिने बघितलं. बराच वेळ.
"आयज चिखोल तो चिखोल."
आणि थोड्या वेळाने विचारलं,
पलीकडच्या टेकडीवर तो पांढरा खुरीस
कधी घातला रे?
खाली वाकलेल्या बायका हसत सुटल्या.
तिच्या लग्नाच्या आधीपासून होता तो.

सोमवारी दुकान उघडलं.
कागदावर रकाने दोनच:
उजवा डोळा, डावा डोळा.
पहिलं गिऱ्हाईक रायबंदरचा सगुण शिंपी.
हनुवटी टेकली, हात मांडीत घेतले.
मी दिवा लावता लावता थांबलो
आणि ड्रॉवरात सुई शोधू लागलो.
"डोळे तपासायचेत ना?"
"हो," म्हटलं, "तेच."