पांघरूण

अलझानीच्या काठी आमच्या गावात औषधांचं दुकान एकच,
आणि त्यात मी.
कुणाचं रक्त दाटतं, कुणाचं चढतं,
कोण नवऱ्याच्या चोरून साखर खातं, मला ठाऊक.

ओतार आला तेव्हा लामाराला जाऊन नऊ दिवस झाले होते.
“डोळ्याला डोळा लागत नाही, मझिया.”
मी गोळ्या मोजल्या,
डबीला रबरानं पिवळी चिठ्ठी बांधली:
यासोबत मद्य घेऊ नये.
“वाइन म्हणजे मद्य थोडंच,” तो म्हणाला.
आमच्याकडे हे कुणीही म्हणेल.
ती जमिनीत पुरलेल्या रांजणांत पिकते,
बारशाला उघडते, मेलेल्यांच्या नावानं भाकरीवर सांडते.
तिला मद्य म्हणायचं
म्हणजे आईला पासपोर्टवरच्या नावानं हाक मारायची.
मी तेव्हाच नीट सांगायला हवं होतं.
रांगेत तीन माणसं होती. एकीचं मूल रडत होतं.

चाळिसाव्या दिवशी पंगत.
अक्रोड वाटून भरलेली वांगी, मृतांसाठी शिजवलेले गहू.
आणि तामादा, पेल्यामागून पेला
शब्दांत ओवत नेणारा मेजाचा म्होरक्या,
तो गेली तीस वर्षं ओतारच.
घरधन्यानं त्या दिवशी हे करू नये. तो ऐकेना.

पहिला पेला लामाराला. अशा पंगतीत पेले भिडवत नाहीत,
त्यामुळे नुसता घोट ऐकू येतो.
दुसरा तिच्या आईबापांना.
मी मोजत होते, हाताला सवयच आहे.
पाचव्याला त्याची बाही धरली. “गोळी घेतलीस?”
“दोन. आज लागतीलच म्हणून.”
आणि उभा राहिला, न जन्मलेल्या नातवंडांसाठी.
भर पंगतीत यजमानाच्या हातून पेला काढून घ्यायचा?
ओठांवर आलेलं मी भाकरीबरोबर गिळलं.

गोळी वाईट नाही. वाइन तर नाहीच.
दोघींना एकच काम येतं, दिव्याची वात खाली करणं.
एक येऊन करून गेली, हे दुसरीला कळत नाही.
ती येते, बघते, म्हणते,
अजून जरा उजेडच आहे की.

नवव्या पेल्यानंतर त्याची मान छातीवर आली.
“झोपला बिचारा,” कुणीतरी म्हणालं,
“चाळीस रात्रींची झोप.”
भाचा बाद्रीनं अंगावर कोट टाकला.
सगळ्यांनी आवाज खाली आणले.
पांघरूण घालण्यात आमचं गाव हुशार आहे.

तो घोरत होता, बायकांना ऐकून बरं वाटलं.
मग घोरणं थांबलं.
मग पुन्हा आलं, विहिरीतून बादली ओढावी तसं.
मी आकडे म्हणू लागले. एका श्वासापासून दुसऱ्यापर्यंत
सोळा झाले.
ओठ रांजणाच्या तळासारखे.

कोट ओढून फेकला. एकशे बारा लावा म्हणून किंचाळले.
त्याला कुशीवर वळवताना बाद्री म्हणाला,
“मावशी, झोपू दे ना त्याला.”
मी काय बोलले ते आठवत नाही.
तो अजून माझ्याकडे सरळ बघत नाही.

तेलावीहून गाडी बावीस मिनिटांत आली.
त्यातली वीस मी त्याच्या नाकापाशी गाल धरून बसले होते.

तो वाचला. आता हातात पाण्याचा पेला घेऊन उभा राहतो,
म्हातारे कुरकुरतात, पाण्यानं आशीर्वाद लागत नाही म्हणतात.

पिवळी चिठ्ठी त्याच्या खिशात सापडली होती.
मागच्या कोऱ्या बाजूवर त्यानं पेल्यांचा क्रम लिहून ठेवला होता,
बारीक, शाळामास्तरी अक्षरात.
दहावा राहिला होता:
मझियाला, जिनं झोप दिली.

ती माझ्या गल्ल्यात आहे, नोटांच्या खाली.
चिठ्ठ्या मी अजून बांधते.
पण आधी काउंटरच्या बाहेर येते, रांग असली तरी,
आणि पिता का, असं विचारत नाही.
विचारते, रात्री जेवायला कोण येतंय?