सांधेबदल

मुलीनं पाठवलेलं तिकीट
तिसऱ्यांदा वाचतो, चष्मा पुसून.
गाडीला विमानाचा नंबर आहे.
म्हणजे वेल्स सोडल्यापासून
कागदोपत्री मी हवेत आहे,
आणि खिडकीबाहेर एक तपकिरी गाय
शेपटीनं माशा वारतेय.

तिकीट तपासणाऱ्या पोरीला विचारलं,
"पट्टा कुठं बांधायचा?"
ती हसली. रोज कुणीतरी हेच विचारत असणार,
तरी हसली.

एकतीस वर्षं मी सांधे बदलले
आटनांगच्या यार्डात.
आधी हातानं, दांडा पोटाशी ओढून,
मग काचेआड बसून, बटणानं.
मिठाची मालगाडी, साल्झबुर्गची जलद,
ज्याला त्याला ज्याची त्याची वाट दिली.
आपण मात्र घर ते केबिन,
केबिन ते घर.
त्यात गुडघा गेला.
गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी तिथं टायटॅनियम बसवलं.
हेडविग असती तर म्हणाली असती,
"चला, शेवटी तुमचाही सांधा बदलला."

आम्स्टेटनच्या अलीकडे गाडी थांबली.
तांत्रिक अडचण, अशी घोषणा झाली.
मला कशाला हवी घोषणा?
उन्हानं रूळ ताणतो,
सांध्याची जीभ पुरती टेकत नाही,
बोटभर फट राहते
आणि तेवढ्यापायी मागं अर्धा देश खोळंबतो.
उतरून सांगावंसं वाटलं,
डावीकडं बघा रे पोरांनो, डावीकडं.
दारं बंद होती.
चाळीस मिनिटं.

व्हिएन्नाला विमान निघून गेलेलं.
काउंटरवरची बाई शांत.
"एकच तिकीट आहे ना, आजोबा?
मग चूक तुमची नाही."
असं मला आजवर कुणी लेखी दिलं नव्हतं.
पुढच्या विमानाचा कागद मी घडी न घालता धरला.
तपासणीच्या कमानीत गुडघा वाजला.
सगळ्यांनी वळून पाहिलं.

कोपनहेगन. मग बर्गन.
विमानतळाच्या दारातच ट्राम उभी,
चौऱ्याऐंशी पावलं, मोजली मी, सवयच ती.
इथवर सगळं एकमेकांना ओळखत होतं:
गाडी विमानाला, विमान विमानाला.
बेटावरच्या बोटीला मात्र कुणी काही कळवलेलं नव्हतं.
तिची कंपनी वेगळी, तिचं तिकीट वेगळं,
ती तिच्या वेळेला सुटली.
वेळेवर सुटणाऱ्याला
मी कुठल्या तोंडानं नावं ठेवू?

धक्क्यावरच्या बाकावर आणखी एक चुकलेला होता,
बोगुमिल, ग्दान्स्कचा वेल्डर.
भाषेचा पत्ता नाही दोघांनाही.
त्यानं बाकावर बोट फिरवून आपली वाट काढून दाखवली,
बस, मोठी बोट, पुन्हा बस,
आणि खारवलेली काकडी पुढं केली.
मी गुडघ्यावर टिचकी मारली.
त्यानं बाही वर केली:
कोपरात पट्टी, सहा स्क्रू.
मग बराच वेळ आम्ही काहीच बोललो नाही.
रात्र अशी झालीच नाही,
नुसता निळसर उजेड, त्यात गलबतं आणि सीगल.

सात वर्षं रोसविथा बोलावत होती.
फार बदलाबदली आहे गं, म्हणायचो.
गाडी बदला, विमान बदला, बोट बदला.
ती "बरं" म्हणायची.
पुढं पुढं तेही म्हणेनाशी झाली,
मग एक दिवस हे तिकीटच आलं.

सकाळी सव्वासातला बोट आली.
कठड्याशी ती,
आणि तिच्या शेजारी एक पिवळा रेनकोट,
मी फक्त फोटोत पाहिलेला.
बोट धक्क्याला लागायची, पुन्हा हातभर सरकायची,
मधे हिरवं काळं पाणी.
खलाशानं फळी टाकली.
जराशी तिरकी पडली.
मी बुटाच्या टोकानं ती सरळ केली,
दाबून पाहिली,
मग पाऊल टाकलं.