नमुना

बुधवारी पहाटे मी गंगेवर जाते.
गोदावरी हे नाव शाळेच्या पुस्तकातलं,
नाशकात रिक्षावाल्याला "गंगेवर" म्हटलं की पुरतं.
बाजाराचे टेम्पो नुकते लागलेले,
मेथीच्या जुड्या ओल्या, चाकाखाली कुत्रं.

मी बाटली काढते, निळ्या झाकणाची, निर्जंतुक.
तोंडाला बोट लागलं तरी बाद.
(सोवळं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?)
हात कोपरापर्यंत पाण्यात,
बाटलीचं तोंड प्रवाहाकडे, वीतभर खाली.
शेजारी एक गृहस्थ तशाच गांभीर्याने तांब्या भरतो.
आम्ही एकमेकांकडे पाहतो,
एकाच ऑफिसातली माणसं बसथांब्यावर पाहतात तसं.

पलीकडे दुतोंड्या मारुती.
पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याशी आलं,
अख्खं गाव त्याच्यावर पूर मोजतं.
देवाचा एवढा उपयोग मला पटतो.

मग प्रयोगशाळा, नळ्या, उबवणपेटी, दोन दिवस.
बुडबुडा धरला तर आहे, नाही धरला तर नाही.
इतकं सरळ उत्तर मला कुठल्याच गुरुजींनी दिलं नव्हतं.

पर्वणीच्या आधी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.
कपाळाला गंध, टेबलाच्या काचेखाली त्र्यंबकेश्वर, आवाज मऊ.
"एक शून्य कमी करा, थेटेमॅडम. एकच.
लोक श्रद्धेने येतात, त्यांना घाबरवून काय मिळणार?"
मी गप्प. तेव्हा हसले.
"आणि तुम्ही तर काही मानत नाही ना?
मग अडतं कुठं?"

अडतं कुठं.
गाडीला किक मारताना, आमटीत मीठ घालताना
तेच.

कॉलेजात असताना मी देव सोडला,
लोक सिगारेट सोडतात तसा, चारचौघांत सांगून.
उपास गेले, मुहूर्त गेला, लग्नात अक्षता नको म्हणाले.
"नमुनाच आहे ही," म्हणून आई आठ दिवस बोलली नाही.
मला वाटलं होतं एकाच दोरीने बांधलेली मोळी आहे,
दोरी कापली की सगळंच सुटेल,
पापसुद्धा.

अण्णा नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्यात.
रोज संध्याकाळी गेटवर हात वर करून झडती,
एकतीस वर्षं.
देवळात जाताना मी त्यांना पाहिलं नाही,
देवाला नावं ठेवतानाही नाही.
एकदा विचारलं, झडतीचा राग नाही येत?
"येतो तर. म्हणून तर खिसा रिकामा ठेवतो."
आणि बादलीतल्या पाण्याने पुन्हा हात धुतले,
शाई नव्हती तरी.

याला श्रद्धा म्हणायचं की नुसता ताठा,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

शून्य होतं तिथंच राहिलं.
मी शूर वगैरे नाही. सही वाकडी आली.
अहवाल पुढे कुठल्या फाइलीत गेला ठाऊक नाही,
माझी बदली झाली नाही
त्या अर्थी कुणी वाचला नसावा.

पुढच्या बुधवारी एक बाई, सुरगाण्याकडची असावी,
ओंजळ ओठांशी नेत होती.
"मावशी, पिऊ नका. खराब आहे."
"तू तपासलंस?"
"हो."
तिने ओंजळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
तिथंच जरा थांबली.
"मग डोईला लावते," म्हणाली.
लावलं, आणि हातात उरलेलं
सहज माझ्याही केसांवर झटकलं.

मी लगेच पुसलं नाही.
दोन्ही हात गुंतलेले होते.
झाकण घट्ट केलं, चिठ्ठीवर वेळ लिहिली,
सहा वाजून दहा,
आणि एक थेंब मानेवरून आत
गार, न तपासलेला,
उतरत गेला.