शेऱ्याच्या रकान्यात

खाली कृषी केंद्र, वर आम्ही.
जिना चढताना फवारणीच्या औषधाचा वास
आमच्याआधी हजेरी लावतो.
भिंतीवर चार घड्याळं. शिकागोचा सेल संपलाय,
तिथे दिवाळीपासून पावणेचारच वाजलेत.
बावणे सर म्हणतात,
"शिकागोवाल्यानं तक्रार केली का?"

सहाजण आहोत. आर्वीतून जग हलवतो.
आर्वीची छोटी गाडी कधीचीच बंद पडली,
तिच्या वाटेवर तरोटा माजलाय,
हे प्रवाशांना सांगायचं नसतं.
कुठून बोलता विचारलं तर म्हणायचं :
इंडिया ऑपरेशन्स.

मला माणसं चेहऱ्यानं ठाऊक नाहीत.
पासपोर्टावरच्या जन्मतारखेनं ठाऊक आहेत,
जेवणाच्या चार अक्षरांनी.
एक बाई दर वेळी शेजारची खुर्ची रिकामी मागते,
नवऱ्याच्या नावचे मैल तिनं अजून
स्वतःच्या खात्यात वळवले नाहीत.
मुदत संपत आलीय. मी आठवण करत नाही.
एकजण गुरुवारचं तिकीट काढतो, बुधवारी रद्द करतो,
दर महिन्याला, त्याच गावाचं.
दंड कंपनी भरते. कारण मी लिहिते : वैयक्तिक.

माघातल्या एका रात्री पडद्यावर आलं :
रंगनाथन, सूत विभाग, सिंगापूर.
डावा गुडघा बदललेला, बाजूची सीट.
शेंगदाणे : जिवावर.
नागपूरपर्यंत विमान, पुढे गाडी, जिनिंग, आर्वी.

मी आर्वी टाकलं.
यंत्र म्हणालं, असं ठिकाण नाही.
पुन्हा टाकलं.
आपल्याला ऑर्व्हिएटो, इटली म्हणायचंय का?
शीतल मेश्रामनं हेडफोन काढून वाकून पाहिलं,
"मंग आपन कुठी बसलो, बाप्पा?"

ठिकाण जोडायचा अर्ज भरला.
अक्षांश. रेखांश. जवळची खूण,
इथे जरा थांबले,
मग कृषी केंद्र लिहिलं.
उत्तर आलं : पडताळणी सुरू आहे.
माणूस काही पडताळणीसाठी थांबत नाही,
म्हणून मामेभाऊ देवानंदची बोलेरो सांगितली.
सीटवर नवा टॉवेल टाक म्हटलं, टाकला.
आरशाचं लिंबू-मिरची काढ म्हटलं,
ते काही काढलं नाही.

त्या सकाळी पाळी संपूनही घरी गेले नाही.
साडेदहाला गाडी नेमकी खालीच थांबली,
टपरीसमोर.
तीन वर्षं ज्या पायासाठी मी जागा शोधते
तो पाय दाराबाहेर आला, चाचपडला,
आमच्या धुळीत टेकला.

टपरीवाल्यानं गरम चिवड्याचा पुडा पुढे केला,
वर मूठभर तळलेले दाणे,
पाहुण्याला जास्तीचे.

ओरडले नाही. ओरडायची आम्हाला सवय नाही.
फोन लावला.
"देवा, साहेबाच्या हातचा पुडा घे."
"काऊन?"
"घे म्हनते ना!"

वरून दिसलं, पुडा ओढला गेला,
दाणे धुळीत सांडले, कोंबडी धावली.
तो बावचळला, मग चिडला,
इकडे पाहिलं, तिकडे,
टपरीकडे, खताच्या पोत्यांकडे.
वर नाही.

तिसऱ्या दिवशी अभिप्राय. पाचापैकी तीन.
विमानं वेळेवर. रस्ता वाईट.
चालक उद्धट, खाणं हिसकावतो.
देवानंदला वाचून दाखवलं नाही,
भाड्यावर पन्नास रुपये जास्त दिले,
त्यानं कारण विचारलं नाही, याचंच नवल.

उत्तराचा नमुना उघडला.
गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.
नाव लिहायला तिथे जागा नसते,
सही आधीपासूनच असते : आपली टीम.
पाठवून दिलं.

मग त्याच्या पानावर, शेऱ्याच्या रकान्यात,
जो फक्त आम्हालाच दिसतो,
एक ओळ वाढवली :
आर्वीच्या चिवड्यात दाणे असतात.

आर्वीखाली यंत्रानं लाल रेघ ओढली.
राहू दिली.