सोळा गुणांसाठी

काल उत्तम शुक्रवार झाला, उद्या पुनरुत्थानाचा रविवार.
मधला हा शनिवार कुणाचाच नाही.
क्वार्टर गेटपाशी रस्ता खणलेला,
जेवणाच्या टेबलावर गठ्ठा क्रमांक एकतीस,
तांबडं पेन, आणि मार्थामावशीच्या करंज्या,
उद्यापर्यंत डबा न उघडण्याच्या बोलीवर.

प्रश्न चौथा, गुण सोळा:
‘प्रबोधनकालीन कवितेतील काळ आणि अनंत
या कल्पनांची ख्रिस्ती विचाराच्या संदर्भात चर्चा करा.’

चर्चा सगळ्यांनी केली आहे.
काळाच्या हाती विळा आहे, वाळूचं घड्याळ आहे,
कोमेजणारा गुलाब तर प्रत्येक पत्रिकेत,
एकाच गाइडच्या कुंडीतला.
चौदा ओळींत प्रेयसी अमर होते
आणि तीन गुण मिळवते.
‘अनंत’ या शब्दापुढे एकाने दोनदा पूर्णविराम दिलाय,
खात्रीसाठी असावा.

मग ही पत्रिका. नाव नाही, बारकोड.
अक्षर उतरतं, चालत्या बसमध्ये लिहिल्यासारखं.

‘मॅडम, पर्वतीवर उभं राहिलं की
स्वारगेटहून निघालेली रिक्षा
आणि सारसबागेपाशी पोचलेली, दोन्ही एकदम दिसतात.
खाली कोपऱ्यावरच्याला आधी एक, मग दुसरी.
ते कवी देवाला असं वर उभं करतात.
त्याला काल नाही, उद्या नाही, सगळं समोर पसरलेलं.
पण मॅडम, वर हॉर्न ऐकू येत नाही.
मी रांजणगावला पॅकिंगला जातो.
पहाटे तीन ते चार हा तास दोन तासांचा असतो.
हे वरून कसं दिसणार?
म्हणून तो खाली उतरला असावा.’

इथे उत्तर संपतं. खाली अर्धं पान कोरं.
मी समासात लिहिलं: ‘संदर्भ?’
सवयीनं.

बाबा, हनोख रणपिसे, मिशनच्या छापखान्यात
खिळे जुळवायचे. एकदा त्यांनी मला
दोरीनं बांधलेलं पान दाखवलं, शिशाचं, उलटं:
‘बघ, पहिला शब्द नि शेवटचा
एकाच वेळी आहेत इथे.
उशीर लागतो तो वाचणाऱ्याला.’
चारशे वर्षांपूर्वीच्या कवींवर मी प्रबंध लिहिला,
त्यात हे वाक्य नाही. संदर्भ काय देणार?
शेवटी ससूनच्या खाटेवर
ते सारखी वेळ विचारायचे.
मी खोटी सांगायचे, थोडी मागची.

आज तो थडग्यात आहे, असं आम्ही मानतो.
म्हणजे ज्यानं काळ केला, तो काळातच पडून आहे,
दगडाआड, अख्खा शनिवार,
आणि शनिवार त्यालाही चोवीस तासांचाच.
मी शिकवते त्या कवींनी शुक्रवार लिहिला,
रविवार तर तोंडभरून लिहिला.
या दिवसाशी पोचले की ते खाकरतात.

दासवे सरांचा फोन: ‘सोमवारी गठ्ठा हवा, रणपिसे बाई.
आणि अकराच्या वर जाऊ नका, विचारणा होते.’
नमुना उत्तरात पर्वती नाही.

मी ‘संदर्भ?’ खोडलं. इंग्रजी आकड्यांत अकरा लिहिले.
मग दुसऱ्या एकाच्या पोटाशी गोल काढून
त्याचा सहा केला.
बाजूला सही, नियमाप्रमाणे.

पाच हौदाचा मनोरा गप्प आहे,
आज घंटा वाजत नाहीत.
गल्लीत कुणीतरी रिक्षाचा हॉर्न दाबून धरलाय,
सोडतच नाही.
खिडकी लावायला उठले,
आणि लावली नाही.